याकूबमियाँचं काम

माझ्या लॉकरची किल्ली कुठे असते हे नवऱ्याला माहीत आहे. मी केस केव्हापासून रंगवते ते मुलीला माहीत आहे. हे मात्र दोघांनाही माहीत नाही — कुणालाच नाही. सांगावं असं बऱ्याचदा मनात आलं... खोटं कशाला बोलू, बऱ्याचदा नाही, अधूनमधून. आणि दर वेळी मी उठून काहीतरी कामाला लागले. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरं आहे.

सुरुवात कुठून करू? अलीकडून मागे जाते. अलीकडचं खोटं अजून ताजं आहे, ते सांगणं त्यातल्या त्यात सोपं.

गेल्या महिन्यात आमच्या मराठी वाचनालयात एक चर्चा ठेवली होती. विषय तरुण मुलांचा — हैदराबादेत वाढलेली, मराठी वाचताना अडखळणारी, पण या विषयावर धाडधाड बोलणारी मुलं. पुस्तकावरून सिनेमा काढताना कुठल्या माणसाचं काम कुठल्या नटानं करावं? सावळ्या बाईच्या कामाला गोरी नटी घेऊन तिला रंग का फासावा? ज्यांची गोष्ट त्यांना पडद्यावर जागा का नाही? मी नव्वदीच्या दशकात एका टेलिफिल्ममध्ये काम केलं होतं, तेवढ्या पुण्याईवर मला मंचावर बसवलं. आणि मी बोलले, छान बोलले. म्हटलं, आमच्या वेळीही असंच झालं. एका हबशी शिपायाचं काम त्याच्या सख्ख्या नातवाला मिळायचं, ते मुंबईच्या एका गोऱ्या नटाला मिळालं, त्याला काळा रंग लावला. चॅनेलवाल्यांपुढे आम्ही काही करू शकलो नाही. टाळ्या पडल्या. मुलीनं येऊन मिठी मारली. म्हणाली, आई, तू तेव्हाच इतकी पुढची होतीस!

आम्ही काही करू शकलो नाही — हे ते खोटं. जे झालं ते मी केलं.

आता नीट सांगते. आमचं घर बरकतपुऱ्यात. बाबा कॉलेजात मराठी शिकवत. निजामाच्या काळापासून आमच्या घरात मास्तर आणि वकील यांखेरीज काही निपजलेलं नाही, आणि बाबांना त्याचा थोडा गर्वच होता. निजामानं आपल्या घोडदळासाठी हबशी शिपाई ठेवले होते, आफ्रिकेतून आलेले. त्यांचे वंशज अजूनही शहरात आहेत. आमच्याकडे लग्न हिंदूंचं असो की मुसलमानांचं, वरातीपुढे मर्फा लागतो — म्हणजे त्यांचे ते ढोल, पाय आपोआप हलायला लावणारे. त्यांतले एक याकूबमियाँ बाबांच्या लहानपणी आमच्या शेजारच्या हवेलीवर पहाऱ्याला असत.

बाबांनी आयुष्यात एकच गोष्ट लिहिली, ती याकूबमियाँची. एका दिवाळी अंकात आली होती. खरीच घडलेली. निजामाचे शेवटचे दिवस, शहरात गडबड, टांगे बंद. बाबांची थोरली बहीण कुमुद, सतरा वर्षांची, तापानं बेशुद्ध. पुरुष माणसं घरात नाहीत. तेव्हा याकूबमियाँनी तिला दोन्ही हातांवर उचललं आणि चालत दवाखान्यात नेलं. आत्या वाचली. ती घरी आली त्या दिवशी आजीनं तिला अंगणातच न्हाऊ घातलं, अंगावर गोमूत्र शिंपडलं, नेसतं लुगडं फेकून दिलं — आणि याकूबमियाँ फाटकात उभे होते, पोरगी कशी आहे ते विचारायला आले होते. त्यांनी ते सगळं पाहिलं आणि तसेच परत गेले. बाबा तेव्हा लहान होते, पायरीवर बसलेले. त्या पाहण्याची लाज त्यांना जन्मभर पुरली. गोष्ट त्यातूनच आली.

ही गोष्ट मला तोंडपाठ होती. कॉलेजात मी ती वाचून दाखवून बक्षीस मिळवलं होतं. मुद्दाम सांगते — म्हणजे मला कळत नव्हतं असं तुम्हाला वाटायला नको.

याकूबमियाँचे नातू युसूफभाई. वीज खात्यात नोकरी, लग्नसराईत मर्फा, आणि उरलेल्या वेळात उर्दू नाटकं. नट म्हणून फार मोठा माणूस. त्यांनी एकदा तोंडाला पावडर थापून गोऱ्या कलेक्टरचं काम केलं होतं, लोक हसून हसून लोळले होते. दर दसऱ्याला ते बाबांना जम्मी द्यायला येत — आपट्याऐवजी आमच्याकडे शमीची पानं सोनं म्हणून देतात, ती. ईदेला शीरखुर्मा घेऊन येत. मी लहान असताना मला खांद्यावर बसवून त्यांनी नुमाइश, म्हणजे आमच्याकडचं दर वर्षीचं मोठं प्रदर्शन, दाखवली आहे. गर्दीत सगळ्यांच्या डोक्यांच्या वर मी, हातात पापडाएवढी मोठी फिरकी, आणि खाली त्यांचे कुरळे केस मुठीत धरलेले. बाबा जाडजूड होते. माझ्या भावाच्या काडीसारख्या हातांकडे बघून ते म्हणायचे, मला शेवटी उचलायचं झालं की याकूबमियाँच्या नातवाला बोलवा, तुमच्यानं ते व्हायचं नाही. युसूफभाई कान धरायचे. "तौबा तौबा, कैसी बातां करते मास्टरसाब!"

तर नव्वदीतली ती वर्षं. गच्ची-गच्चीवर डिशच्या छत्र्या उगवल्या होत्या. नवनव्या वाहिन्यांना रोज नवी गोष्ट हवी असायची. कुकटपल्लीत कारखाने बंद पडत होते आणि त्यांच्या शेडमध्ये शूटिंगचे सेट लागत होते. मुंबईचा एक तरुण दिग्दर्शक, शेखर, बाबांची गोष्ट मागायला घरी आला. हिंदीत टेलिफिल्म करायची होती. बाबांनी एकच अट घातली — याकूबमियाँचं काम युसूफ करेल. शेखरनं युसूफभाईंना बघितलं, ऐकलं आणि उडीच मारली. कुमुदआत्याचं काम मला मिळालं. मी तिच्यासारखी दिसते म्हणून, आणि कॉलेजच्या नाटकांतून थोडीफार उभी राहू शकत होते म्हणून.

आमच्याच दिवाणखान्यात पहिली तालीम झाली. युसूफभाईंनी मला उचलायचं होतं. त्यांनी आधी विचारलं, "बेबी, चलता ना?" मी म्हटलं, "हौ, चलता." त्यांनी उचललं. अगदी अलगद — कपाटावरून देव उतरवावा तसं. समोर कपाटाचा आरसा होता. त्यात मला माझा हात दिसला, त्यांच्या मानेवर ठेवलेला.

आणि मग — काय झालं? खरंच सांगते, मला अजून कळलेलं नाही. अंग ताठ झालं. काहीतरी नको झालं. ते नक्की काय होतं? त्यांचा काळा रंग? ते मुसलमान होते हे? ते पुरुष होते आणि मी तेवीस वर्षांची, एवढंच? पुण्याचं एक स्थळ तेव्हा चाललं होतं, मुलगा अमेरिकेला जाणार होता — त्याच्या घरचे हे टीव्हीवर बघतील, हे मनात आलं का? बरीच वर्षं मी स्वतःला हेच कारण देत होते. तेही तसं खरं नाही. त्या क्षणी मला स्थळाची आठवणसुद्धा नव्हती. (ते स्थळ पुढे पत्रिकेवरून मोडलं. मोडलं नसतं तर निदान काही मिळालं तरी असतं.) आणि मुंबईच्या कुणा अनोळखी नटानं उचललेलं मला चालणार होतं! चाललंही. म्हणजे पुरुष हेही कारण नाही. ज्याच्या खांद्यावर बसून मी गर्दी बघितली, त्याच्या मानेवरचा माझा हात मला बघवेना. घरात मला हे कुणी शिकवलं नव्हतं. उलटंच शिकवलं होतं. मग ते आलं कुठून?

दुसऱ्या दिवशी मी एकटी कुकटपल्लीला शेडवर गेले. बसमध्ये ठरवत होते, मला अवघडल्यासारखं होतं असं सरळ सांगायचं. तेवढं सांगितलं असतं तर मी आज तुमचा वेळ घेतला नसता. मीच काम सोडलं असतं, नाहीतर शेखरनं दुसरी मुलगी घेतली असती. पण तोंड उघडलं आणि निघालं ते असं — बाबांना युसूफभाई नको आहेत. घरची मुलगी, त्यांनी उचलायचं... बाबांना ते पसंत नाही. पण स्वतःची अट मागे घ्यायला त्यांना संकोच होतो. तुम्ही त्यांच्याकडे हा विषय काढू नका.

बाबांचं नाव. मी बाबांचं नाव घेतलं.

शेखरनं फार ताणलं नाही. चॅनेलला ओळखीचा चेहरा हवाच होता. तो म्हणाला, युसूफभाईंना तुम्हीच सांगा, तुमचे घरचे आहेत. मी त्यांच्या ऑफिसच्या फाटकापाशी जाऊन सांगितलं. तुम्ही मला उचलायचं, बाबांना ते जरा... तुम्ही समजून घ्या. ते माझ्या चपलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हौ, हौ. मास्टरसाब बोले तो सोचकोइच बोले हुंगे. उनकू पूछो नक्को बेबी, शर्मिंदा होते उनो." बाबांना वाईट वाटू नये याची काळजी त्यांनाच! आणि घरी येऊन मी बाबांना सांगितलं — युसूफभाईच नको म्हणाले. बाबा चमकले. म्हणाले, "मी विचारू का त्याला?" मी म्हटलं, "नका विचारू. त्यांना अवघड होईल."

आमच्या शहरात लिहाज नावाची चीज आहे. समोरच्याला अवघड होईल असं विचारायचं नाही, त्याची झाकली मूठ उघडायची नाही. लोक याचं फार कौतुक करतात. मीही करते. दोन सभ्य माणसं, दोघांच्यात एका बसचं अंतर, आणि दोघांनीही लिहाज म्हणून एकमेकांना एक शब्द विचारला नाही. मला हे आधीच माहीत होतं का? होतं. त्याच भरवशावर मी बोलले होते.

शूटिंगला युसूफभाई आले. शेखरनं त्यांना विनवलं होतं, नटाला शिपायाची चाल शिकवा. मला वाटलं, येणार नाहीत. ते रजा काढून आले. मी विचारलं नव्हतं तरी म्हणाले, "मेरे दादा का काम है बेबी, गलत नै होना." पत्र्याच्या शेडमध्ये भयंकर उकाडा. मेकअपवाल्यानं त्या गोऱ्या पोराच्या तोंडाला, मानेला, हातांना काळा लेप थापला होता. केसांना कुरळा टोप. युसूफभाई त्याला दाखवत होते, माणूस उचलताना पाठ कशी ठेवायची. मग त्यानं मला उचललं, आणि घामानं त्याचा रंग निघाला. माझ्या गालाला, मानेला, आत्याच्या पांढऱ्या पातळाला डाग. सगळे हसले, मीही हसले. युसूफभाईंनी आपला रुमाल पाण्यात भिजवून आणला. त्यांनी तो माझ्या हातात दिला नाही, शेजारच्या खुर्चीवर ठेवला. "धुल जाता बेबी. पक्का नै है."

मी तो रुमाल उचलून मान पुसली. आणखी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक होतं.

टेलिफिल्म लागली तेव्हा आख्खी गल्ली आमच्या घरात. माझं कौतुक झालं. बाबा शेवटपर्यंत बघत राहिले आणि म्हणाले, हा याकूब नाही, याला नुसतं काळं केलंय. मग उठून आत गेले.

त्यानंतरच्या दसऱ्याला युसूफभाई आले, पण फाटकातूनच. जम्मीची पानं कडीत खोचून, आवाज देऊन गेले. बाबा चप्पल शोधेपर्यंत स्कूटर वळलीसुद्धा. ईदेला शीरखुर्मा कुणाच्या तरी हाती आला. पुढे तोही नाही. बाबांनी मनाशी एक हिशेब मांडला, आणि तो मला एका संध्याकाळी सांगितला. म्हणाले, युसूफनं काम नाकारलं ते गोष्टीमुळेच असणार. त्याच्या आजोबाचा अपमान मी न विचारता चव्हाट्यावर मांडला. वर लेखक म्हणून मिरवलो. ती गोष्ट माझी नव्हती ग. मी ती उचलली, आणि त्याला ते लागलं. एका प्रकाशकाकडे त्यांच्या लेखांचं पुस्तक निघत होतं. त्यातून त्यांनी ती गोष्ट काढून घेतली. आणि मला विचारलं — मलाच! — "माझं काय चुकलं, तुला काही बोलला का तो?"

मी म्हटलं, लोक बदलतात, बाबा.

वाचनालयातली मुलं विचारत होती, दुसऱ्याची गोष्ट सांगायचा हक्क कुणाला? मला या प्रश्नाचं उत्तर येत नाही. युसूफभाईंनी पावडर लावून साहेब केला तेव्हा मला काही खटकलं नव्हतं, आणि त्या पोराला काळं फासलेलं आज आठवलं की खटकतं. दोन्हींत फरक आहे हे मला जाणवतं, पण मुलांसारखा मांडता येत नाही. बाबांना ती गोष्ट लिहायचा हक्क होता का? मला वाटतं, होता. पण मला वाटून काय उपयोग? विचारायचं होतं ते युसूफभाईंना, आणि ते दार मी लावलं होतं. त्या चर्चेत मी तत्त्वं बोलत होते. माझ्या बाबतीत तत्त्व कुठलं? एक माणूस आपल्या आजोबाचं काम करायला उभा होता. ते मी काढून घेतलं, आणि दोष एका म्हाताऱ्याच्या नावावर लावला.

युसूफभाई आहेत अजून. गुडघे गेलेत म्हणतात. चिक्कडपल्लीच्या माझ्या घरापासून त्यांची वस्ती रिक्षानं लांब नाही. मी गेलेली नाही.

आता शेवटचं. हे राहिलं तर वरचं सगळं सांगून न सांगितल्यासारखं.

त्यानंतर काही वर्षांनी बाबा गेले, सकाळी, झोपेतच. अंगणात माणसं जमली. तिरडी बांधून झाली. युसूफभाईंना कुणी कळवलं कोण जाणे, पण ते आले होते. फाटकाबाहेर स्कूटरला टेकून उभे, डोक्यावर रुमाल बांधलेला, डोळे लाल. उचलायची वेळ झाली. बाबा जाडजूडच होते शेवटपर्यंत. माझ्या भावानं, दादानं, इकडेतिकडे बघितलं, युसूफभाई दिसले, त्यांना जवळ बोलावलं. "युसूफभाई, आओ ना, खांदा दो." ते फाटकाच्या आत आले, दोन पावलंच. हात जोडले. हळूच म्हणाले, "नक्को भय्या. मेरा हाथ लगना मास्टरसाब कू पसंद नै था. अब्बी तो उनकी बात रखना."

दादाला काही कळलं नाही. त्याला वाटलं, त्यांच्या धर्मात काही असेल. लिहाज म्हणून त्यानं पुन्हा विचारलं नाही. मी उंबऱ्यात उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी किंचित मान हलवली — काळजी करू नको, तुझ्या बाबांचं मी कुणाला सांगणार नाही, अशी. एक वाक्य पुरेसं होतं. बाबा नाही, मी. एवढंच. त्यांनी पुढे होऊन बाबांना उचललं असतं.

मी पदर तोंडाला लावून मान खाली घातली. बायकांना वाटलं, रडते आहे. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला पुढे झाला, चौथा खांदा त्यानं दिला. त्याला वजन पेलत नव्हतं, तिरडी एका अंगाला कलत होती. युसूफभाई सगळ्यांच्या मागून, बरंच अंतर ठेवून चालत गेले. गल्लीच्या वळणापर्यंत ते मला दिसत होते. तोपर्यंत हाक मारता आली असती.